पांढऱ्या पडद्यांवरचं तेल

कारखान्यात माझ्या मामाला सगळे तेलमामा म्हणायचे, त्याच्याहून वयाने मोठे होते तेसुद्धा. तसा तो सगळीच कामं करायचा. शिलाई मशीन दुरुस्त करायचा, तुटलेले पट्टे बदलायचा, मोटारी उघडून जमिनीवर फतकल मारून बसायचा. पण लोकांच्या लक्षात राहायची ती त्याच्या हातातली लांब चोचीची तेलाची कुपी. जेवताना ती शेजारी आणि बोलताना हातात. कुणाला रस्ता दाखवायचा झाला तरी तो कुपीच्या चोचीने दाखवायचा.

बोलायला लागला की विषय एकच, तेल किती घालायचं. “थेंब म्हणजे थेंब,” नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकीला तो सांगायचा. “मशीनला तेल पाजायचं नसतं, नुसतं चाखवायचं असतं. जास्त तेल घालणारा आळशी. त्याला पुसायचा कंटाळा असतो.” समोरची मान डोलवायची आणि त्याची पाठ वळली की हसायची. मी कापणीच्या टेबलावर होते. मामानेच मला तिथे चिकटवलं होतं, त्यामुळे हे पारायण मला दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं. मी कधीकधी कात्री हातात धरूनच म्हणायचे, “मामा, आता थेंबावर थांब.” त्याला राग यायचा नाही. उलट कुणीतरी ऐकतंय याचाच त्याला आनंद.

आमच्याकडे जाड कापडाचं काम चालायचं. ताडपत्र्या, सामानाच्या पिशव्या, गाड्यांवर घालायची आच्छादनं. एक लांबलचक खोली, उंचावर खिडक्या, दोन्ही भिंतींना लागून मशीनच्या रांगा आणि प्रत्येक मशीनवर लोंबणारा एक दिवा. बहुतेक मशीन नवी होती. त्यांच्या पोटात तेलाची परात असायची आणि ती आपलं आपण तेल ओढून घ्यायची. मामाला त्यांचं काही कौतुक नव्हतं. बिघडली की दुरुस्त करायचा, बस्स. त्याचा जीव होता शेवटच्या खिडकीखालच्या जुन्या मशीनवर.

तिला सगळे म्हातारी म्हणायचे. काळं ओतीव लोखंड, एकट्या माणसाला जागचं हलवता येणार नाही इतकं जड. शिवणारीचा डावा हात जिथे घासतो तिथला रंग उडून आतलं लोखंड गुळगुळीत झालं होतं. बाकीची मशीन सुसाट धावायची, ही आपल्या चालीने जायची, पण कापडाच्या चार-पाच घड्या एकावर एक दिल्या तरी कुरकुर न करता टाका घालायची. तिला तेल मात्र हातानेच द्यावं लागायचं, रोज. सकाळी बाकीचे यायच्या आत मामा पट्टा काढायचा, मशीनचं डोकं मागे पाडायचा, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली अडकलेली धाग्यांची लव बारीक ब्रशने काढायचा. साठलेला चिकटा रॉकेलच्या फडक्याने पुसायचा. मग एकेका भोकात थेंब. मग चाक हाताने फिरवत, कान लोखंडाला लावून बसायचा. शेवटी एक पांढरी चिंधी सुईखाली घालून मशीन चालवायचा. चिंधीवर तेल उमटेनासं झालं, ती कोरी निघाली, की म्हणायचा, “ये, बस.”

बसायची ती मामी. त्या मशीनवर तिच्याशिवाय कुणी शिवत नसे. लग्नाच्याही आधीपासून तिची जागा तीच, आणि तिचं लग्न जमलं तेही त्या मशीनच्या एका तुटलेल्या पट्ट्यापायी, असं जुनी माणसं सांगायची. मामी तोंडाने तिखट. मामा मशीनवर वाकलेला असला की ती मागे उभी राहून म्हणायची, “मला कधी एवढं न्याहाळलं नाही हो तुम्ही.” मामा मान वर न करता म्हणायचा, “तू कुठे खडखडतेस?” सगळी रांग हसायची. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात दोन माणसं आणि दोघांची उठबस सगळी कारखान्यात.

मग मामीचे डोळे गेले. एकदम नाही आणि सगळेही नाही. मधूनच गेले. कडेचं दिसायचं तिला, दार, खिडकी, बाजूने जाणारं माणूस. त्यामुळे ती चालताना अडखळायची नाही आणि कुणाला शंकाही यायची नाही. पण जिथे नजर लावावी नेमकं तिथे काही नाही. “तुझ्याकडे बघितलं की तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही,” ती मला म्हणाली होती. “तशी बरी दिसतेस मग.” डॉक्टरांनी सांगितलं की गेलं ते परत यायचं नाही, आणि उरलंय ते राहील याचीही खात्री नाही. हे ऐकून मामा त्या डॉक्टरांना विचारत बसला की काहीतरी घालायचं औषध असेलच ना, निदान थेंब. डॉक्टर नाही म्हणाले.

जिची नजर सुईवर लागली पाहिजे तिला सुई सोडून सगळं दिसतं. याहून वाईट चेष्टा मला तरी माहीत नाही.

मामीने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, “कुणाला कळता कामा नये. मला तिथून उठवलं तर मी संपले. घरात बसून काय करू? भिंतीकडे बघत राहू?” ती रडली नाही. तिला फक्त काम हवं होतं, ती खिडकीखालची जागा हवी होती, आणि ते आमच्या हातात आहे असं तिला वाटत होतं. आम्हालाही वाटलं.

मामाने पितळेची एक छोटी पट्टी घासून गुळगुळीत केली आणि सुईच्या उजव्या अंगाला मशीनवर स्क्रूने बसवली. कापडाची कड त्या पट्टीला घासत गेली की शिवण आपोआप सरळ. बाकीचं मामीची बोटं करायची. बॉबिन ती चाचपून भरायची, टाका घट्ट झाला की सैल हे आवाजावरून ओळखायची. मी कापलेले तुकडे सुलट बाजू वर ठेवून, शिवायच्या कडा एकीकडे करून बांधून द्यायचे. अडायचं ते एकाच ठिकाणी, सुईत दोरा ओवताना. दोरा तुटला की म्हातारी थांबायची. आणि ती थांबली की मामा खोलीत कुठेही असो, त्याला ते कळायचं. कुपी घेऊन तो लगबगीने यायचा, तेल घालायच्या मिषाने वाकायचा आणि दोरा ओवून निघून जायचा. लोकांना वाटायचं भलतंच. “तेलमामाला या वयात करमत नाही,” एकजण म्हणायचा. “दर घटकेला फेरी असते.” मामी तोंड फिरवून हसायची. असे कितीतरी महिने गेले. मामा रोज संध्याकाळी तिला सांगायचा, “आजची शिवण अगदी दोरी लावल्यासारखी.” त्यावरच ती जगायची.

हे सगळं चाललं ते म्हातारीच्या जिवावर. नव्या मशीनवर पायाचा नुसता भार पडला की कापड हातातून निसटतं, तिथे डोळा हवाच. म्हातारी थांब म्हटलं की थांबायची. आणि नेमकी तीच खडखडायला लागली.

सुईची दांडी ज्या पितळी बुशातून वरखाली होते तो बुश झिजला होता. मामाने बाजार पालथा घातला, तसला बुश आता कुणी बनवत नाही. ओळखीच्या टर्नरकडून एक नवा करून घेतला, तो बसला नाही, कारण ज्या भोकात तो बसवायचा ते भोकच झिजून लांबट झालं होतं. त्याला इलाज नाही. खडखड वाढत गेली, आणि एके दिवशी मालकीणबाई फेरी मारता मारता तिथे थांबल्या. त्या दुष्ट नव्हत्या. नवऱ्यामागे कारखाना त्यांनीच सांभाळला होता आणि मामीला त्या आदराने वागवायच्या. कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “तेलमामा, हिला आता निवृत्त करू या. ताईंना नवं मशीन देते. किती दिवस त्यांनी लोखंडाशी झुंजायचं?” त्यांच्या मते त्या चांगलंच करत होत्या.

मामा म्हणाला, “दुरुस्त होतंय बाई. जरा दम धरा.”

दुरुस्त काही होणार नव्हतं. पण तेल जास्त घातलं की खडखड दबायची. झिजलेल्या जागेत तेल भरून राहायचं, धातू धातूवर आपटायचा नाही. म्हणून ज्या माणसाने सगळ्या कारखान्याला थेंबाचा मंत्र दिला, तो म्हातारीला धार धरून तेल पाजायला लागला. सकाळी, दुपारी आणि मधे मधे. मी एकदा म्हटलं, “मामा, हे काय?” तर माझ्यावर खेकसला, “तू तुझी कात्री बघ.” तो तसा कधी बोलत नसे. बाईंच्या कानावर खडखड जाता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

जास्त तेल कुठेतरी जाणारच. ते दांडीवरून सुईपर्यंत उतरायचं, झिजलेल्या लोखंडाची काळी पूड घेऊन. पण तेव्हा गडद निळ्या ताडपत्र्यांचं काम होतं. निळ्यावर काळं कुणाला दिसतंय? मामीची बोटं मात्र तेलकट झाली ती झालीच. सुरुवातीला ती सारखी फडक्याला पुसायची. पुढे सवय झाली. हाताला तेल लागतंय हे तिला जाणवेनासंच झालं.

मग पांढरं कापड आलं. एका दवाखान्याचं काम होतं, खाटांच्या भोवती लावायचे पडदे. शुभ्र, जाडसर, उभ्या लांब शिवणी. मामाला धोका कळला नाही असं नाही. त्या दिवशी त्याने म्हातारी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसली. चिंधीवर चालवली, पुन्हा चालवली. चिंधी कोरी निघाली. “पण मशीन तापलं की तेल पातळ होऊन उतरेल,” तो मला हळूच म्हणाला. “मी अधूनमधून येऊन दांडी पुसून जाईन. तू काळजी करू नकोस.” मी केली नाही. मशीनच्या बाबतीत मामाचा शब्द म्हणजे शब्द होता.

दुपारच्या आधी दुसऱ्या रांगेतल्या एका मोटारीतून धूर निघाला. सगळी आरडाओरड झाली, वीज बंद करा, बादली आणा. मामा त्या टेबलाखाली शिरला तो तिथेच अडकला. जळकी तार शोधणं हे पटकन होणारं काम नसतं. खोलीची दुसरी रांग बंद होती, पण म्हातारी चालू होती, आणि त्या दिवशी दोरा एकदाही तुटला नाही. तुटला असता तर मामा टेबलाखालून उठून आला असता. चांगला दोरा होता, मेला. मामी मन लावून शिवत राहिली. पडदा पुरा झाला की हातानेच गोळा करून मागच्या टोपलीत टाकायची आणि पुढचा घ्यायची. तिला तर वाटत होतं आज काम फार छान लागलंय.

कामाची वेळ संपत आली तेव्हा बाई पडदे तपासायला आल्या. पहिला पडदा दिव्याखाली धरला आणि धरूनच राहिल्या. शिवणीच्या कडेने वरपासून खालपर्यंत काळपट ठिपके होते, एकाला एक खेटून, मुंग्यांची रांग लागावी तसे. त्यांनी दुसरा काढला. मग टोपली टेबलावर उलटी केली. सगळ्यांवर तेच. तेलाचा डाग, त्यात लोखंडाची पूड. धुतला तरी पिवळा होऊन राहणारच.

मामा फडक्याला हात पुसत आला, टेबलाकडे बघितलं. मग म्हणाला, “चूक माझी आहे बाई. तेल माझ्याकडून जास्त झालं.”

“ते दिसतंय मला,” बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “पण ताईंना दिसलं नाही? पहिल्याच पडद्यावर दिसायला हवं होतं. इतके पडदे होईपर्यंत त्या थांबल्या कशा नाहीत?”

“मीच म्हणालो होतो, थांबू नकोस, धुऊन निघतं,” मामा म्हणाला. इतकं वाईट खोटं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पांढऱ्या कापडावरचं मशीनचं तेल धुऊन निघतं असं तेलमामा म्हणेल? कारखान्यातल्या झाडूवालीनेही ते मानलं नसतं.

बाईंनी एकदा मामाकडे, एकदा मामीकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी एक पडदा उचलला, मामीच्या पुढे पसरून धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, जरा मला दाखवता? कुठे आहे डाग?”

मामीने मान थोडी तिरकी केली, कडेच्या नजरेने बघायला ती करायची तशी. पण डाग बारीक होते, कडेच्या नजरेला पकडता येणारे नव्हते. तिने कापडावरून बोट फिरवलं. तिच्या बोटाला सगळंच तेलकट लागत असणार. मग तिने एका जागी बोट टेकवलं आणि म्हणाली, “हा.”

ती जागा स्वच्छ होती. शिवणीपासून वीतभर लांब, पांढरीशुभ्र.

आणि मामा म्हणाला, “बरोबर. तोच.”

मला मामाचा तेव्हा इतका राग आला की सांगता येत नाही. अजून येतो. गप्प बसला असता तर काही बिघडलं नसतं. बाईंना जे कळायचं ते कळलंच होतं. पण त्या “बरोबर”ने मामीचा चेहरा उजळला. तिला वाटलं, जमलं. ती हसली आणि बाईंकडे वळून म्हणाली, “पुढच्या वेळी लक्ष ठेवीन.” मग खोलीतली शांतता तिच्या कानांवर आली. तिचे कान शाबूत होते. मागे कुणीतरी मोठ्याने नाक ओढलं. मामीने कापडावरचं बोट उचललं आणि मुठीत मिटून घेतलं.

बाईंनी तिला काढलं नाही. घड्या घालायला बसा, म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या. मामीने नाही म्हटलं. ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. म्हातारीला भंगारात द्यायला बाईंचं मन होईना. त्यांनी ती मामाच्या घरी पाठवली, ताईंची आठवण म्हणून. पाचसहा जणांनी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवली. जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा एकजण म्हणाला, “हिला माहेर सोडवत नाही.” कुणी हसलं नाही.

मामा अजून रोज सकाळी तिचं डोकं मागे पाडतो, लव काढतो, पुसतो, भोकाभोकात एकेक थेंब घालतो. पट्टा चढवत नाही. मामी त्या खोलीत येते, मशीनला वळसा घालून जाते. तिने म्हातारीला पुन्हा हात लावलेला मी पाहिला नाही.

पण मशीनचं दुःख मी सोसलं असतं. वेगळंच काहीतरी झालं. मामीने मामाच्या शब्दावर विसंबणं बंद केलं. तो म्हणतो, चहा भरलाय, सांभाळून, तर ती आधी कपाला बोट लावून बघते. तो म्हणतो, कपडे नीट घातलेस, तर ती गुंड्या पुन्हा पहिल्यापासून चाचपते. दाराला कडी घातली म्हटलं तर उठून कडी हलवून येते. भांडत नाही, ओरडत नाही, टोमणाही मारत नाही. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. जगाचं जे काही तिला दिसत नव्हतं ते इतके दिवस मामाच्या तोंडून तिच्यापर्यंत पोचत होतं, आणि आता ती वाटच बंद झाली. मामाचं बोलणंही आटलंय. बोलून उपयोग काय? आणि डोळ्यांचं म्हणाल तर आता कडेचंही पुसट होत चाललंय.

परवा मी गेले तेव्हा मामा रॉकेल आणायला बाहेर पडला होता. मामी पलंगाच्या कडेला बसली होती. मी बसले तशी म्हणाली, “एक विचारू? माझी शिवण सरळ यायची का गं? त्या पट्टीवर शिवायचे ती? का तेही आपलं हे म्हणायचे म्हणून?”

सरळ यायची. माझ्या आयुष्यात मी एवढ्या खात्रीने दुसरं काही सांगू शकणार नाही. ते तुकडे मी कापले होते, शिवून आल्यावर त्यांच्या कडा मीच जुळवून बघितल्या होत्या. त्या डागाळलेल्या पडद्यांवरसुद्धा एक टाका वाकडा नव्हता. डोळे असलेल्या आम्हा कुणाची शिवण तशी येत नाही. मी तिला हे सगळं सांगितलं. तिचा हात धरून सांगितलं. शपथ घेतली. बाईंकडे अजून ताडपत्र्या पडून आहेत, उद्या एक घेऊन येते, तू स्वतः बोट फिरवून बघ, म्हटलं.

“माझ्या बोटाला काय कळतं ते सगळ्यांनी बघितलंय,” ती म्हणाली.

“मामी, खरंच सांगते.”

तिने माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि माझ्याच हातावर दोनदा थोपटलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “छान सांगितलंस. अगदी मामासारखं.”